पगाराखेरीज मिळणारा गूळ

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी क्षमा मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं, ते बहुतेक अर्जच होते. रेशनकार्डात नाव घालण्याचा अर्ज, फीमाफीचा अर्ज, वडिलांच्या रजेचा अर्ज. अर्ज लिहिताना आपल्याला काय हवं आहे ते आधी ठाऊक असतं. आज मला काय हवं आहे ते मलाच नीट ठाऊक नाही, आणि तरी लिहितो आहे. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट असतं त्यांनी करायचं काम मी हाती घेतलं आहे. कुठं अडखळलो, कुठं नको तितकं बोललो, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

परीक्षेचे दिवस पुन्हा आले आहेत. एम.कॉम.च्या पहिल्या भागाला मी बाहेरून बसलो आहे. चाकण रस्त्याला मोशीच्या पुढं एक पत्र्याच्या शेडमधला लहान कारखाना आहे, तिथं मी कामगारांची हजेरी ठेवतो, आणि उजाडल्यावर दोन तास आमच्या वस्तीतल्या विहाराच्या पायरीवर बसून वाचतो. विहारापुढं कडुनिंब आहे. त्याचा मोहर या दिवसांत इतका गळतो, की पान उलटण्याआधी पुस्तकावर फुंकर मारावी लागते. साडेसहाला कंपनीचा भोंगा होतो. पहिल्या पाळीची माणसं सायकलींवरून जाऊ लागतात. एखादा घंटी वाजवून विचारतो, "काय सायेब, अजून किती वर्षं शाळा?" मी हसतो. मग पलीकडच्या बाजूनं वारा सुटतो आणि फाउंड्रीचा जळक्या तेलाचा, तापल्या वाळूचा वास येतो. या वासाशिवाय मी एकही परीक्षा दिलेली नाही.

आणि चव म्हणाल, तर या दिवसांची चव माझ्या जिभेवर गुळाची आहे. काळसर, चिकट, वर्तमानपत्राची शाई लागलेला गूळ.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कंपनीच्या फाउंड्रीत होते. पारनेरकडून पिंपरीला आले तेव्हा मी कडेवर होतो. फाउंड्रीत ज्या खात्यात ते कामाला लागले त्याला शेकआउट म्हणतात. वाळूच्या साच्यात ओतलेलं लोखंड निवलं, की साचा हलवून, फोडून आतला भाग मोकळा करायचा. वाळूचे लोट उठतात. अण्णा घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्या राखेसारख्या दिसायच्या. आई त्यांचा खाकी युनिफॉर्म बादलीत भिजवायची, तर तळाशी बोटभर काळी वाळू बसायची. ती वाळू आई टाकून देत नसे. निथळून, वाळवून एका डब्यात ठेवायची आणि त्या वाळूनं तवा घासायची. आमच्यासारखा लखलखीत तवा आमच्या घरांच्या ओळीत कुणाकडे नव्हता. शेजारणी ती वाळू मागून न्यायच्या.

फाउंड्रीवाल्यांना कंपनीकडून गूळ मिळे. मशिनशॉपच्या लोकांना मिळत नसे, ऑफिसातल्यांना तर नाहीच. रोज पाळी संपली की थोडा गूळ खाऊन वर पाणी प्यायचं, म्हणजे घशात गेलेली धूळ खाली उतरते, असा समज होता. अण्णा तो तिथं खात नसत. साठवून शनिवारी घरी आणत. मूठभर ढेकूळ, वर्तमानपत्रात बांधलेलं. आम्हा भावंडांना शनिवार म्हणजे गूळ एवढंच माहीत. आईला तर त्याचा अभिमान होता. नळावर ती सांगायची, "गूळ काय सगळ्यांना देत नाहीत. आमच्या खात्यालाच आहे." पेपरला निघताना इतरांच्या घरी हातावर दही-साखर ठेवतात म्हणे; आमच्या घरी कंपनीचा गूळ ठेवत. सातवीला मी तो खाऊन गेलो, शालान्त परीक्षेला खाऊन गेलो. आमच्या साऱ्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती चढताना तोंडात तोच गूळ होता.

तो उन्हाळा सत्त्याहत्तरचा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली. अण्णांचा खोकला दोन वर्षं जुना झाला होता. आधी विम्याच्या दवाखान्यातलं गुलाबी औषध, मग छातीचा फोटो, मग 'हलकं काम' अशी चिठ्ठी. हलकं काम म्हणजे स्टुलावर बसून हातमोजे वाटायचे. आम्हाला वाटलं, बढतीच झाली. सहा महिन्यांत ते स्टुलावरसुद्धा बसवेना. मग लेबर ऑफिसरनी सांगितलं, स्वतःहून लवकर निवृत्ती घ्या, तुमच्या जागी घरातला एक माणूस घेऊ.

ही रीत तेव्हा आमच्याकडे अंगवळणी पडलेली होती. 'बापाची जागा' असाच शब्द होता. शेत नसलेल्या माणसांकडे वारसाहक्कानं द्यायला तेवढी एकच गोष्ट. आमच्या ओळीत तीन घरांतून बापाच्या जागी मुलगा गेला होता. त्यामुळे अण्णांच्या जागी कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. न्हाव्यानं माझे केस कापताना विचारलं, "आता कंपनीचा कट मारू का?" जयंतीच्या वर्गणीला आलेली मुलं माझ्या नावापुढं आकडा वाढवून लिहायला निघाली.

प्रश्न मला पडला होता. कारण त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजातल्या सरांच्या ओळखीनं मला दुसरी एक नोकरी चालून आली होती, हीच, मोशीच्या पुढची. मालक म्हणाले होते, सकाळचं कॉलेज करून अकराला आलास तरी चालेल, परीक्षेला रजा देऊ. पगार मात्र अण्णांच्या जागेच्या निम्म्यापेक्षाही कमी. अण्णांच्या जागेला तीन पाळ्या. म्हणजे कॉलेज संपलं.

अर्थशास्त्रात त्या वर्षी आम्हाला 'वास्तव वेतन' नावाचं प्रकरण होतं. हातात पडणारा पैसा हे नाममात्र वेतन. त्याखेरीज सवलती किती, काम कायमचं की हंगामी, बढतीला वाव आहे का, तास किती, कामाचं स्वरूप कसं, हे सगळं धरून होतं ते वास्तव वेतन. सर म्हणायचे, शहाणा माणूस नोकरी निवडताना दुसरं पाहतो. मला हे फार पटलं. पुस्तकातली गोष्ट पहिल्यांदाच आमच्या घरात शिरत होती. मी एक कोरा फुलस्केप घेतला, मधोमध रेघ मारली, एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला मोशी, आणि वर शीर्षक घातलं: पगाराखेरीज.

तो कागद आजही माझ्याकडे आहे. कंपनीच्या बाजूला मी काय काय लिहिलं होतं, ते आता वाचवत नाही. नेण्या-आणण्याला बस. कँटीनचं जेवण. वर्षाला दोन युनिफॉर्म, एक जोडी बूट. विम्याचा दवाखाना मोफत. आणि त्याखाली, ठळक अक्षरात: दर आठवड्याला गूळ. 'कामाचं स्वरूप' हा मुद्दा पुस्तकात होता म्हणून मीही घातला. त्याच्यापुढं लिहिलं आहे, 'उभं राहून करायचं. सवय होईल.'

माझा हा उद्योग पाहून सगळ्यात जास्त हसला तो नामदेवदादा. नामदेवदादा माझा चुलतभाऊ. त्याचे वडील, माझे थोरले चुलते, तो लहान असतानाच गेले. अण्णांनी त्याला सांभाळलं. शाळेत तो रमला नाही. चाकणच्या कांदा बाजारात गोण्या उचलायचा, तिथंच पडायचा, सुट्टीला आमच्याकडे यायचा. दाराच्या चौकटीत उभा राहिला की घरात अंधार व्हायचा, असा उंचापुरा गडी. त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, "भावा, गोणी उचलायच्या आधी मला कुणी आसा कागद दाखवला नाय. आन तू यात मेन गोष्ट लिहिलीच नाय."

"कुठली?"

"पोरगी कोण देतंय, ती. तुला काय, तू शिकलेला. माझ्यासारख्या बाजारातल्या हमालाला कुणीबी पोरगी देईना."

आम्ही दोघं हसलो. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, ते हसले नाहीत. त्यांनी कागद मागितला. त्यांना सहीपुरतं लिहिता येई, वाचता फारसं येत नसे. म्हणाले, "वाचून दाखव." मी सगळा वाचला. गुळापाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "गूळबी धरलास व्हय?" आणि खोकत बाहेर गेले. मला वाटलं, त्यांना माझ्या हिशेबीपणाचं कौतुक वाटलं.

पेपर सुरू झाले. एकेक पेपर संपत होता तसा माझा निर्णय पक्का होत होता, पण पुस्तकातल्या मुद्द्यांवरून नव्हे. आईचे पाय सुजलेले दिसायचे. धाकट्या बहिणीचं लग्न दिसायचं. शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, की कॉलेज सोडायचं आणि अण्णांच्या जागी जायचं. ठरवल्यावर मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर थोडं गोडही वाटलं. मी मनात वाक्यं जुळवू लागलो. अण्णांना काय सांगायचं, ते काय म्हणतील, मग मी काय म्हणेन. शेवटचा पेपर झाला, तसा ग्रंथालयात जाऊन दोन्ही पुस्तकं परत केली आणि अनामत परत मिळण्याचा अर्जसुद्धा तिथंच देऊन आलो. परत येणार नव्हतोच.

भर उन्हात घरी आलो. पत्रे तडतडत होते. अण्णा आतल्या खाटेवर होते, नामदेवदादा जमिनीवर बसलेला, आई चुलीकडे तोंड करून. चूल पेटलेली नव्हती. मी माझी वाक्यं काढायच्या आत अण्णा म्हणाले, "नामदेवचं नाव दिलं कंपनीत."

एवढंच.

नामदेवदादा उठला. त्यानं मला मिठी मारली, त्याच्या अंगाला कांद्याचा वास होता. म्हणाला, "अण्णा म्हनलं तुला शिकायचंय. तू जागा सोडलीस म्हणून मला गावली, भावा. मरेपातुर नाय इसरणार." मी अण्णांकडे पाहिलं. ते पायाच्या बोटांकडे पाहत होते. मी काहीच सोडलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. पण मी त्याची पाठ थोपटली. सोडणाऱ्याचा मान मी गुपचूप घेतला, कारण नाकारलेल्याचा अपमान त्याहून जड होता.

त्या दिवसानंतर मी गूळ खाल्ला नाही.

लोक बोलायचे, त्याची धार मला अजून आठवते. नळावर एक बाई आईला ऐकू जाईल असं म्हणाली, सख्ख्याला उपाशी ठेवून पुतण्याला ताट वाढणारा बाप पहिल्यांदा पाहिला. आई घागर अर्धीच घेऊन आली. आणि मी, हे लिहितानाही लाज वाटते, त्या बोलण्यानं सुखावलो. निदान कुणीतरी माझ्या बाजूचं होतं. मोशीच्या शेडमध्ये मी हजेरीपत्रकात खुणा करत बसायचो आणि मनात एकच गोष्ट उगाळायचो, की ज्या माणसानं मला शिकवलं, त्यालाच माझा भरवसा वाटला नाही. मी फाउंड्रीत टिकणार नाही असं त्यांना वाटलं असेल. दोन बुकं शिकलेल्या पोराच्या हाताला घट्टे पडणार नाहीत असं वाटलं असेल. किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या मनात मेलेला भाऊ माझ्यापेक्षा मोठा असेल.

एकदाच मी तोंड उघडलं. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी. मी पास झालो होतो, घरात पेढे होते, आणि मी विचारलं, "अण्णा, माझ्यात काय कमी होतं?"

त्यांनी कपातला चहा हलवला. मग म्हणाले, "तुझ्यात न्हाई." आणि चहा प्यायले.

मला ते टाळाटाळीचं वाटलं. मी पेढा न खाता बाहेर पडलो.

नामदेवदादाचं मात्र सगळं फुललं. सहा महिन्यांत दौंडकडची मुलगी सांगून आली, लग्न झालं. काळेवाडीला खोली घेतली. पंखा आला, रेडिओ आला, दोन मुली झाल्या. सुखात तो आम्हाला विसरला असता, तर मला सोपं गेलं असतं. तो दर शनिवारी यायचा. वर्तमानपत्रात बांधलेला गूळ अण्णांच्या उशाशी ठेवायचा. "आपल्या घरचा हाय," म्हणायचा. माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला त्यानं मला मनगटी घड्याळ आणलं होतं, पेपरात वेळ कळावी म्हणून. ते बांधताना म्हणाला, "तुझ्याच जागेचं हाय रे हे." मी हात ओढून घेतला नाही. ते घड्याळ आजही माझ्या हातावर आहे.

अण्णा पाच वर्षांत वाळत गेले. आता विहारापर्यंतसुद्धा चालवत नाही. दारात खाट टाकून दोन उशांना टेकून बसतात, श्वास घेताना खांदे वर-खाली होतात. मी त्यांचं सगळं करतो. औषध देतो, पाठ शेकतो. बोलतो कामापुरतं.

यंदा होळीनंतर त्यांचा खोकला फार वाढला, तेव्हा आई म्हणाली, रहाटणीच्या काळूरामकाकांच्या बांधावर अडुळसा आहे, पानं घेऊन ये. काळूरामकाका अण्णांच्या बरोबरीचे, त्याच शेकआउटच्या ओळीतले. गावात थोडी जमीन होती म्हणून त्यांनी कंपनी वेळेवर सोडली. मी सायकल काढली. नदीकाठच्या मळ्यात गव्हाची मळणी उरकलेली, भुसा उडत होता. काका तोंडाला पंचा गुंडाळून झाडाखाली बसले होते. मी आलो तसे लांबूनच म्हणाले, "तितंच थांब. मला आता भुसाबी सोसत न्हाई. मीच येतो."

अडुळशाची पानं खुडता खुडता त्यांनी अण्णांची चौकशी केली. मग माझी. मी अजून मोशीलाच आहे म्हटल्यावर म्हणाले, "बरं हाय. वाचलास."

मला राग आला. मी म्हणालो, "वाचलो कसला काका. जागा माझी होती."

त्यांनी हातातली पानं खाली ठेवली. "तुला तुज्या बापानं कंदी सांगितलं न्हाई?"

"काय?"

"आरं, पयल्या कागदावर तुजंच नाव व्हतं. मी संगं व्हतो की. टाइम आफिसात तुजा बाप कागद घिऊन गेला, अंगठा न्हाई, चांगली सही केल्याली. आन साहेबाला इचारलं, पोराला कंच्या खात्यात टाकनार? पोरगं शिकल्यालं हाय, आफिसात कुठं बसवता का? साहेब म्हनला, बापाची जागा म्हंजी बापाचीच जागा. शेकआउट. दुसरं न्हाई. तुज्या बापानं त्याच्या म्होरनं कागद वडून घितला. चार दिस नुसता हितं यिऊन बसायचा ह्या झाडाखाली. बोलायचा न्हाई. मग गेला आन नामदेवचं नाव दिलं."

मी विचारलं, "नामदेवदादाला हे माहीत होतं?"

काकांनी पानं माझ्या पिशवीत भरायला घेतली. "शेकआउटला जायाचं त्ये म्हाईत व्हतं. शेकआउट म्हंजी काय, त्ये कोन सांगतंय? आमाला तरी कुनी सांगितलं? आमी गूळ खात व्हतो." पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "तुजा बाप तर त्योबी खात नव्हता."

परत येताना सायकल चालवली नाही, हातात धरून चालत आलो. पिशवीतल्या पानांचा कडू वास येत होता. पाच वर्षं मी एका गोष्टीवर जगलो होतो, की माझा विश्वासघात झाला. त्या गोष्टीत मी निर्दोष होतो, हे तिचं सुख होतं. आता ती गोष्ट माझ्या हातून काढून घेतली गेली आणि तिच्या जागी जी आली ती मला धरता येईना. विश्वासघात झाला होता, पण माझा नव्हे. तो झाला होता दाराच्या चौकटीएवढ्या उंच माणसाचा, आणि माझ्यासाठी. तरी मला फसवल्यासारखंच वाटत राहिलं, आणि त्याचा मला राग येत होता. मला न विचारता, न सांगता मला वाचवलं होतं, आणि त्याबद्दल मी नामदेवदादाकडून पाच वर्षं आभार घेत आलो होतो.

मी घरी आलो तेव्हा अण्णा जागे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "काळ्या काय म्हनला?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "तब्येतीचं विचारत होते." त्यांनी मान हलवली. दोघांनाही कळलं असावं. आईनं अडुळशाचा काढा केला. मी कप धरला आणि ते प्यायले. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, घड्याळाच्या पट्ट्यावर. तो त्यांनी काढला नाही, आणि मीही नाही.

त्याच दिवशी नामदेवदादाकडे जायला हवं होतं. काळेवाडी काही लांब नाही. जाऊन सांगायचं, की छातीचा फोटो काढ, खातं बदलून माग, नाही दिलं तर सोड. पण मी तसा माणूस नाही. मी विहाराच्या पायरीवर बसलो आणि मनातल्या मनात पुन्हा फुलस्केपवर मधोमध रेघ मारली. एका बाजूला त्याची खोली, कायम नोकरी, दोन मुली, वहिनी, गावाकडे पाठवायचे पैसे. सोडून तो जाणार कुठं? पुन्हा कांद्याच्या गोण्यांखाली? त्याला अजून काही झालेलं नाही. होईलच असं कुठं आहे? काळूरामकाका चालतात-फिरतात. आणि सांगायचं तर हेही सांगावं लागेल, की अण्णांना माहीत होतं. तो अण्णांच्या पाया पडतो. दर शनिवारी पडतो. शिवाय परीक्षा तीन आठवड्यांवर. ठरवलं, की पेपर होऊ देत, मग शांतपणे सांगू.

मध्ये तो एकदा भेटला, पिंपरी चौकात, पाळीवरून येताना. सायकलवरून उतरला. पापण्या राखेसारख्या. घसा खाकरून म्हणाला, "अभ्यास चाललाय ना? चालू दे. आपल्या घराण्यात एक तरी खुर्चीत बसायला पायजे." मी विचारलं, तब्येत कशी आहे. म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" आणि हसता हसता खोकला. मी त्या खोकल्याचे आवाज मोजले. तीन होते. तीन म्हणजे काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

पेपर सुरू झाले. या वर्षीच्या एका पेपरात कामगार कल्याणावर प्रश्न होता. मी चार पानं लिहिली. सुरक्षा, आरोग्य, कामाच्या जागेची स्थिती, सगळं मुद्देसूद. अक्षरही चांगलं आलं.

काल शनिवार होता. शेवटचा पेपर उद्या सोमवारचा. नामदेवदादा आला नाही, वहिनी आली. धाकटी कडेवर, थोरली हाताला, आणि पदरात वर्तमानपत्रात बांधलेला गूळ. घामानं चिंब झाली होती, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तिनं गूळ अण्णांच्या उशाशी ठेवला, वाकून पाया पडली. मग पुडी सोडून एक खडा माझ्यासमोर धरला. म्हणाली, भावजी, आज नाही म्हणायचं नाही, परवा पेपर आहे तुमचा आणि आज गोड बातमी आहे. मी खडा हातात घेतला. अण्णांचा श्वास उशांवर वर-खाली होत होता.

"ह्यांनी सांगाय लावलंय सगळ्यांना," वहिनी म्हणाली. "पंधरा दिवस जरा खोकला व्हता, तर विम्याच्या डाक्टरनं छातीचा फोटो काढला, आन चिठ्ठीच दिली. कालपासून धूळ न्हाई, उभं ऱ्हाणं न्हाई. स्टुलावर बसून हातमोजे वाटायचे. अण्णा, ह्यांना हलकं काम मिळालं."